सामुदायिक बाग

शहरातील पडीक किंवा सार्वजनिक जागेवर परिसरातील रहिवाशांनी श्रमदानाने फुलवलेली व सांभाळलेली बाग. जमीन बहुधा नगरपालिकेची, संस्थेची वा खासगी मालकाची असते. लागवड, पाण्याच्या पाळ्या आणि देखभाल यांविषयीचे निर्णय मात्र बागेत राबणारेच घेतात. वाफे कुटुंबागणिक वाटलेले असतात किंवा सारी बाग सामाईक असते.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो जर्मनीतील भाडेवाफ्यांपर्यंत, म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीच्या लहान तुकड्यांपर्यंत, मागे नेतात. कापेल्न येथे बहुधा १८१४ च्या सुमारास असे वाफे दिले गेले. लाइपसिकच्या ‘श्रेबर बागा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच वाफ्यांचे जनकत्व तेथील वैद्य डॉ. मोरिट्स श्रेबर यांच्याकडे सर्रास दिले जाते, पण ते ग्राह्य वाटत नाही. श्रेबर १८६१ मध्ये वारले. त्यांच्या नावाची संस्था एर्न्स्ट हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी १८६४-६५ च्या सुमारास काढली, तीही मुलांच्या क्रीडांगणासाठी. मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे पाडले ते गेझेल या शिक्षकाने. पुढे ते पालकांच्या हाती गेले. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने वाफे पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. अमेरिकेत डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ मध्ये, आर्थिक मंदीच्या काळात, मोकळे भूखंड बेकारांना बटाटे लावायला दिले. महायुद्धकाळात अन्नधान्याला हातभार म्हणून लोकांनी लावलेल्या ‘विजय बागा’ युद्धानंतर बव्हंशी ओसरल्या.

या बहुतेक उपक्रमांत जमीन वरून मिळाली. रहिवाशांनी स्वतः जागा हेरून ती राखणे हे सामुदायिक बागेचे खरे लक्षण मानल्यास न्यूयॉर्कमधील १९७३ चा प्रयत्न अधिक जवळचा ठरतो. लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या ‘ग्रीन गेरिलाज’ गटाने बावरी व ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून तेथे बाग केली. पुढील वर्षी पालिकेने तो महिना १ डॉलर भाड्याने दिला. १९७८ मध्ये अशा बागांसाठी ‘ग्रीनथम’ हा पालिकेचा कार्यक्रम सुरू झाला. तरीही १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात निघाल्या. दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणूनच त्या वाचल्या. बाग बहरली की परिसरातील जागेची किंमत वाढू शकते, आणि लेखी करार नसेल तर वर्षानुवर्षांची मेहनत एका नोटिशीत जाऊ शकते.

शहरी मातीत जुन्या रंगांतून व शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून आलेले शिसे वरच्या थरात टिकून राहते. टोमॅटोसारख्या फळभाज्यांत ते फारसे उतरत नाही. पालेभाज्या व कंदमुळे यांबाबत अधिक काळजी लागते. मुख्य धोका मात्र भाजीपेक्षा हाताला लागणाऱ्या मातीचा व धुळीचा असून लहान मुलांना तो सर्वाधिक असतो. म्हणून लागवडीपूर्वी माती तपासतात. शिसे आढळल्यास बाहेरची स्वच्छ माती भरून उंच वाफे बांधतात, कंपोस्ट मिसळतात, मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) उदासीनच्या जवळ ठेवतात आणि पायवाटांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात.