कराटेच्या सरावातून आर्ट्स अवॉर्ड: पालकांसाठी माहिती

आमच्या लंडनच्या वर्गात मुलांना घेऊन येणारे मराठी आईबाबा एक प्रश्न हमखास विचारतात: ब्लॅक बेल्टचा पुढे शिक्षणात काही उपयोग होतो का? बेल्ट कराटे संघटना देते आणि वर्गात त्याला मोठा मान आहे, पण इंग्लंडमधल्या अधिकृत शैक्षणिक पात्रतांमध्ये तो मोजला जात नाही. त्याच सरावाच्या जोरावर मुलांना आर्ट्स अवॉर्ड मात्र मिळवता येतो, आणि तो तिथे मोजला जातो. ते कसं, हे समजावून सांगण्यासाठी हे पत्रक.

आर्ट्स अवॉर्ड म्हणजे काय?

ट्रिनिटी कॉलेज लंडन हे नाव पियानो-गिटारच्या ग्रेड परीक्षांमुळे पुण्या-मुंबईतल्या घरांनाही माहीत आहे. त्याच संस्थेने आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलांना सरकारी निधी देणाऱ्या संस्थेच्या सोबतीने 2005 मध्ये 25 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी हा अवॉर्ड सुरू केला. डिस्कव्हर, एक्सप्लोर, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा त्याच्या पायऱ्या. डिस्कव्हर ही लहानग्यांची ओळख-पायरी. बाकी चार अधिकृत पात्रता आहेत. ब्राँझ लेव्हल 1 ची, सिल्व्हर लेव्हल 2 ची आणि गोल्ड लेव्हल 3 ची.

आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटसारखं हॉलमध्ये बसून पेपर देणं इथे नाही. मूल आपल्या कामाची नोंद ठेवत जातं. वही, फोटो, व्हिडिओ, चित्रं, काहीही चालतं. शेवटी तो पोर्टफोलिओ आधी आमचे प्रशिक्षित सल्लागार आणि मग ट्रिनिटीचे मॉडरेटर तपासतात.

कराटे ही कला कशी?

सगळं कराटे कलेत बसत नाही, हे आधीच सांगतो. कुमिते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी लढणं, हा खेळ आहे. त्यातली पदकं कितीही असली तरी ती या पोर्टफोलिओत कामाची नाहीत. आम्ही धरतो तो काता. ठरलेल्या हालचालींची ही रचना एकट्याने किंवा गटाने सादर करायची असते आणि तिला लय, थांबे, नजर, श्वास हे सगळं असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, बुडोकानच्या सभागृहात ओकिनावाच्या र्यो कियुनाने कातामध्ये सुवर्ण जिंकलं. ते सादरीकरण मुलांना दाखवा. समोर कोणी नसताना तो कोणाशी लढतोय, हे प्रेक्षकाला दिसतं.

कांकू दाई या कात्याची सुरुवात पाहा. दोन्ही तळहात जुळवून हळूहळू कपाळाच्या वर न्यायचे, अंगठे आणि बोटांमधल्या त्रिकोणातून आकाशाकडे पाहायचं, मग हात झटकन उघडून दोन्ही बाजूंनी गोलाकार खाली आणायचे. एकही ठोसा न मारता इथे सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायचं असतं. हे जमायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांची नोंद म्हणजेच पोर्टफोलिओतलं पहिलं काम.

ब्राँझमध्ये मूल काय करतं?

ब्राँझ साधारण 11 वर्षांपासून करता येतं. एकूण काम सुमारे 60 तासांचं असतं, त्यातले 40 मार्गदर्शनाखाली. नियमित वर्ग असला तर हे तास अंगावर येत नाहीत.

भाग चार आहेत. पहिल्यात मूल स्वतः कलेत भाग घेतं आणि काय शिकलं ते दाखवतं. आमची मुलं बहुतेक वेळा हेइआन शोदान या सुरुवातीच्या कात्यापासून सुरुवात करतात. त्यात 21 हालचाली आहेत. एका विद्यार्थिनीने जमिनीवरच्या त्या वाटेचा नकाशा रंगीत पेन्सिलींनी काढला होता: वळणं निळी, किआइची, म्हणजे जोरदार आरोळीची, दोन ठिकाणं लाल, आणि जिथे तिचा तोल जायचा तिथे छोटी फुली. पुढच्या पानावरच्या नकाशात फुल्या कमी झाल्या होत्या. मॉडरेटरला हवी असते ती हीच प्रगती.

दुसऱ्या भागात प्रेक्षक म्हणून कलेचा अनुभव घ्यायचा आणि त्यावरचं आपलं मत इतरांना सांगायचं. वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनातला कथकचा कार्यक्रम चालेल, ब्रिटिश म्युझियममधली जपानी दालनंही चालतील. म्युझियमला प्रवेशशुल्क नाही.

तिसरा भाग आम्हाला फार आवडतो. इथे एखाद्या कलावंताचा शोध घ्यायचा असतो. शोतोकान या कराटे शैलीचे प्रणेते गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं, हे कराटेच्या पुस्तकांत असतं. ते शोतो या नावाने कविता करायचे, हे मुलांना माहीत नसतं. शोतोकानच्या बोधचिन्हातला प्रसिद्ध वाघ चितारणारे होआन कोसुगी हे तर जपानचे नामवंत चित्रकार. छातीवर तो वाघ रोज मिरवणाऱ्या मुलाला कोसुगींची चित्रं शोधायला सांगा, आणि मग पाहा.

चौथ्या भागात आपलं कौशल्य दुसऱ्याला शिकवायचं. धाकट्या बॅचला एक छोटा क्रम शिकवणं पुरतं. बुजरी मुलं इथे बोलती होतात.

पुढच्या पायऱ्या

सिल्व्हरमध्ये कलेतलं एक नवं आव्हान घ्यायचं आणि एखाद्या उपक्रमाचं नेतृत्व करायचं. गोल्डमध्ये दुसऱ्या कलाप्रकाराशी सांगड घालावी लागते. कोल्हापूरचा मर्दानी खेळ किंवा भरतनाट्यम हे त्यासाठी आपल्या मुलांजवळचे सुंदर पर्याय आहेत. गोल्डला विद्यापीठ प्रवेशासाठी 16 यूकास पॉइंट (यूकास ही ब्रिटनमधली विद्यापीठ-प्रवेशाचे अर्ज हाताळणारी संस्था) मिळतात. सगळीच विद्यापीठं पॉइंट धरत नाहीत, म्हणून केवळ तेवढ्यासाठी गोल्ड करू नका.

तुमच्याकडून एवढंच हवं

वही मुलालाच लिहू द्या. अक्षर वाईट असो, शुद्धलेखन चुको. मोठ्यांनी सजवलेली पानं लगेच ओळखू येतात आणि त्यात मुलाचं शिकणं दिसत नाही. फोटो काढून द्या, कार्यक्रमाला घेऊन जा आणि परतताना "काय आवडलं नाही?" असं विचारा. लिहायचा कंटाळा असेल तर मूल बोलून रेकॉर्ड करू शकतं.

अवॉर्डची फी वर्गाच्या आणि ग्रेडिंगच्या (बेल्टच्या परीक्षेच्या) फीपेक्षा वेगळी असते. बेल्ट कोणताही असला तरी सुरुवात करता येते. नाव द्यायचं असेल तर सराव संपल्यावर सेन्सेईंना (कराटेच्या शिक्षकांना) भेटा आणि येताना एक कोरी, जाड पानांची वही घेऊन या.