वृत्तकथन : मुद्रित आणि दूरचित्रवाणी

बातमीतील तपशील निवडण्याची, त्यांचा क्रम लावण्याची आणि सूर ठरवण्याची रीत म्हणजे वृत्तकथन. वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी यांच्या कथनातला फरक शब्द आणि चित्र यांचा आहे, असे सर्रास सांगितले जाते. तो त्याहून अधिक वेळेवरच्या हुकमतीचा आहे. वाचक थांबतो, मागे जातो, बातमी अर्ध्यावर सोडतो; प्रेक्षकाला ती तिच्याच वेगाने पाहावी लागते.

अर्ध्यावर सोडणारा वाचक गृहीत धरूनच ‘उलटा पिरॅमिड’ रूढ झाला. कोण, काय, कधी, कुठे हे इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात. बाकीचे उतरत्या महत्त्वाने. जागा कमी पडली की उपसंपादक खालचे परिच्छेद बेलाशक कापतो. दूरचित्रवाणीचे पॅकेज, म्हणजे दृश्ये आणि निवेदन जोडून तयार केलेली बातमी, असे शेपटाकडून कापता येत नाही, कारण त्याला गोष्टीसारखा शेवट असतो. एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीचे निर्माते रूवेन फ्रँक यांनी १९६३ मध्ये सहकाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात सचोटी न सोडता प्रत्येक बातमीत नाट्य असावे, संघर्ष आणि त्याची उकल असावी, असे बजावले होते.

दीड मिनिटाच्या पॅकेजात निवेदनाचे दोनशे शब्दही मावत नाहीत. म्हणून बातमीदार आधी चित्रे पाहतो, मग लिहितो. पडद्यावर दिसते तेच पुन्हा सांगणे हा कच्चेपणा. निवेदनाने नाव, कारण, आकडा पुरवायचा. बाइट, म्हणजे बोलणाऱ्याच्याच तोंडचा बातमीत घेतलेला तुकडा, हीही आखडत गेली. डॅनियल हॅलिन यांच्या अभ्यासानुसार, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवाराचे सलग बोलणे १९६८ मध्ये सरासरी ४० सेकंदांहून अधिक चाले, तर १९८८ मध्ये १० सेकंदांहून कमी.

कॅमेरा जिथे नव्हता तिथे मुद्रित कथनाची सरशी होते. अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी यांनी हिरोशिमातून बचावलेल्या सहा जणांच्या आठवणींवरून अणुबॉम्बनंतरचे दिवस उभे केले आणि ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाने १९४६ मध्ये त्यासाठी अख्खा अंक दिला. अशा वेळी दूरचित्रवाणीला जुनी दृश्ये, ग्राफिक्स किंवा नाट्यरूपांतर यांवर भागवावे लागते. अर्थसंकल्पासारख्या चित्रहीन विषयाला एखाद्या कुटुंबाचा चेहरा दिला जातो. हा चेहरा किती प्रातिनिधिक, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

काटछाट दोन्हीकडे होते. छापील अवतरणात गाळलेला मजकूर टिंबांनी दाखवण्याची सोय असते. पडद्यावर बाइटमधला कापल्याचा सांधा मुलाखत देणाऱ्याच्या हातांच्या किंवा ऐकणाऱ्या बातमीदाराच्या दृश्याखाली झाकतात, आणि मान डोलावणारा तो बातमीदार अनेकदा मुलाखत संपल्यावर वेगळा चित्रित केलेला असतो.