जन्मवेळचा निर्णय आणि नंतरचा शोध : खानदेशातील आंतरलिंगी व्यक्तींच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

खानदेशात बाळंतपणाच्या खोलीबाहेर थांबलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ‘आंडोर का आंडेर?’ (मुलगा की मुलगी?) एवढाच असतो. ज्या मोजक्या घरांत त्याचे उत्तर लगेच मिळत नाही, तिथे पुढची पंधरा-वीस वर्षे त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. अलीकडे आंतरलिंगी व्यक्ती, म्हणजे ज्यांचे शरीर जन्मतः स्त्री किंवा पुरुष या ठरावीक साच्यात बसत नाही अशा व्यक्ती, स्वतःच्या शरीराविषयी आणि बालपणी झालेल्या उपचारांविषयी माहिती विचारू लागल्या आहेत, आपल्यासारखी आणखी माणसे शोधू लागल्या आहेत. ही माहिती मिळणे इतके अवघड का झाले, याची मुळे गेल्या सत्तर वर्षांत आणि त्यातही गेल्या दहा-बारा वर्षांत सापडतात.

प्राचीन ग्रंथांना हा विषय अपरिचित नव्हता. शुक्र (पुरुषाचे वीर्य) आणि आर्तव (स्त्रीचे रज) सम असल्यास नपुंसक, म्हणजे ना स्त्री ना पुरुष असे, अपत्य होते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलेले आहे. मराठा राजवटीत काही हिजड्यांना भिक्षेचे आणि उत्पन्नातल्या वाट्याचे परंपरागत हक्क होते; एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने असे हक्क पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. मात्र हा इतिहास मुख्यतः हिजडा समाजाचा आहे, आणि तो आंतरलिंगी व्यक्तींचाही मानला गेल्यामुळे पुढचा बराच घोळ झालेला आहे. हिजडा समाजातील बहुतेक व्यक्ती जन्मतः आंतरलिंगी नसतात. तरीही ‘असे’ मूल जन्मले की हिजडे येऊन घेऊन जातात, ही समजूत धुळे-जळगावच्या शहरी वस्त्यांतही ऐकू येते. या भीतीपोटी कुटुंबे मूल लपवतात, आणि कोणी शस्त्रक्रियेचा मार्ग सुचवला की तो सुटकेसारखा वाटून ताबडतोब होकार देतात.

शस्त्रक्रियेचा हा मार्ग आला अमेरिकेतून. १९५०च्या दशकात बाल्टिमोर येथील एका नामांकित रुग्णालयात असा सिद्धान्त मांडला गेला की, मूल कोणत्या लिंगाचे म्हणून वाढवले जाते यावर त्याची ओळख ठरते. म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांत बाह्य अवयव एका बाजूला ‘दुरुस्त’ करावेत आणि पुढे त्याची वाच्यता करू नये. जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत रुजली. १९९०च्या दशकात तिच्यातून गेलेले रुग्ण प्रौढ होऊन बोलू लागले. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टन येथे बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर त्यांनी निदर्शने केली. हा दिवस आता आंतरलिंगी जागृती दिन म्हणून पाळला जातो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनात शस्त्रक्रियेबाबत अधिक सावधगिरी सुचवली गेली, आणि २०१५ साली माल्टाने संमतीविना होणाऱ्या, पुढे ढकलता येण्याजोग्या अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी घातली.

भारतात या विषयावर सर्वाधिक वाद झाला तो मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या २२ एप्रिल २०१९च्या निकालावरून. गंमत अशी की, मूळ याचिका अर्भकांविषयी नव्हतीच. तुतिकोरीन येथील मंदिरात झालेल्या एका विवाहाची नोंद करण्यास निबंधकाने नकार दिला होता, कारण वधू पारलिंगी स्त्री (जन्मावेळी पुरुष मानली गेलेली, पण स्वतःला स्त्री म्हणवणारी) होती. हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या संज्ञेत पारलिंगी स्त्रीही येते, असे न्यायालयाने ठरवले. आणि तेवढ्यावर न थांबता आंतरलिंगी अर्भकांवर व बालकांवर लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया करण्यास मनाई करणारा आदेश काढण्याचे निर्देश राज्य सरकारला दिले. आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, ही भूमिका त्यामागे होती. तमिळनाडू सरकारने १३ ऑगस्ट २०१९ रोजी तसा आदेश काढला. जीवाला धोका असेल तर अपवाद ठेवला, आणि तो धोका खरोखर आहे का हे तज्ज्ञांच्या समितीने तपासावे अशी तरतूद केली.

या निकालावर दोन बाजूंनी टीका झाली. काही शल्यविशारदांचे म्हणणे असे की, मूत्रमार्गात अडथळा असणे, जंतुसंसर्ग पुनःपुन्हा होणे, उदरात राहिलेल्या जननग्रंथीत पुढे गाठ होण्याची शक्यता असणे, या अवस्था ‘जीवाला धोका’ या शब्दांत नेमक्या बसत नाहीत आणि डॉक्टर उगाच कात्रीत सापडतो. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो ज्या तळमळीने मांडला जातो, त्याच तळमळीने हे सांगितले जात नाही की बालपणीच्या कित्येक शस्त्रक्रियांचा हेतू बाह्य रूप नेहमीसारखे दिसावे एवढाच असतो, आणि त्यांतून येणारे व्रण, वेदना व संवेदनेचा अभाव आयुष्यभर पुरतात. दुसरी टीका अशी की, एका राज्यापुरता निघालेला आदेश इतरत्र बंधनकारक नसतो. महाराष्ट्रातील रुग्णालयांना तो मार्गदर्शक वाटू शकतो, पाळावा लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एका सात वर्षांच्या बालकाचे आईवडील शस्त्रक्रियेची परवानगी मागण्यासाठी गेले, तेव्हा न्यायालयाने ती दिली नाही आणि निर्णय बहुशाखीय तज्ज्ञ समितीवर सोपवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर देशव्यापी यंत्रणा मागणाऱ्या याचिकेवर केंद्राला नोटीस काढली.

न्यायालयांतील या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, आणि खानदेशाच्या दृष्टीने तीच अधिक निकडीची आहे. जन्मतः बाह्य अवयव संदिग्ध दिसण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या, संप्रेरके तयार करणाऱ्या) ग्रंथीचा जन्मजात विकार. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ वाहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करू लागते, सुकते आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावते. यावर औषध आहे, ते तोंडाने देता येते आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची गरज नसते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते, त्यामुळे मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्ने होणाऱ्या कुटुंबांत धोका वाढतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी असे कायदा सांगतो. म्हणजे लिंगाच्या रकान्यात काय लिहावे यावर घरात खल चालू असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत बाळाचे रक्त तपासायला हवे असते. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. त्यांत फाटलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हा विकार नाही. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलच्या तपासणीची सवय आता दुर्गम पाड्यांपर्यंत पोहोचली आहे, त्यामुळे रक्ताचा नमुना घेण्याचे वावडे तिथे कोणाला उरलेले नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराची तपासणी मात्र होत नाही. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील कुटुंबाला अंतःस्रावतज्ज्ञासाठी (संप्रेरकांच्या डॉक्टरसाठी) अनेकदा सुरत किंवा नाशिक गाठावे लागते.

ज्यांच्यावर बालपणी काही केले गेले, त्यांची अडचण वेगळी आहे. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती अठराव्या वर्षी अर्ज घेऊन जाते, तोवर ही मुदत केव्हाच उलटलेली असते. अनेकदा डिस्चार्ज कार्डही घरातल्यांनीच फाडून टाकलेले असते. काहींना तर पाळी आली नाही म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी सोनोग्राफी केल्यावर, किंवा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर पहिल्यांदा काही कळते. तेही डॉक्टर नवऱ्याला किंवा सासऱ्याला बाजूला घेऊन सांगतो. जिच्याविषयी सांगितले जाते ती बाकड्यावर बसलेली असते.

कायद्याने या व्यक्तींना जागा दिली, पण ती दुसऱ्याच्या घरात. १५ एप्रिल २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथी (ट्रान्सजेंडर, म्हणजेच पारलिंगी) व्यक्तींच्या हक्कसंरक्षणासाठी १० जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने आंतरलिंगी भिन्नता असलेल्या व्यक्तीची स्वतंत्र व्याख्या केली, आणि लगेच पुढे तिचा समावेश तृतीयपंथी व्यक्तीच्या व्याख्येत करून टाकला. परिणामी जी स्त्री स्वतःला पूर्णपणे स्त्री मानते आणि जिचा प्रश्न केवळ वैद्यकीय आहे, तिलाही या कायद्याखालचे ओळखपत्र हवे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे तृतीयपंथी म्हणून अर्ज करावा लागतो. बऱ्याच जणी त्या वाटेला जातच नाहीत.

स्वतः सांगितलेल्या ओळखीला स्थानिक यंत्रणा कसा प्रतिसाद देते, याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे घडले. तेथील एका पारलिंगी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा ग्रामपंचायतीचा अर्ज छाननीत फेटाळला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारण्यास सांगितले, आणि त्या निवडूनही आल्या. न्यायालयाने त्यांची निवडलेली ओळख ग्राह्य धरली. आंतरलिंगी व्यक्तींना या निकालाचा आधार मिळतो तो कागदोपत्री ओळखीपुरता. आपल्यावर काय आणि का केले गेले, हे विचारायला मात्र आजही त्याच रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर जावे लागते. सोबतीसाठी जे गट आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत, त्यांचे बोलणे पुष्कळदा इंग्रजीत चालते, आणि भुसावळ-शहाद्याची मुलगी त्यांच्यापर्यंत पोहोचते ती मोबाईलवरून, घरातले झोपल्यावर.