चाकावरचं घर जुनंच, भानगड आहे ती थांबायच्या जागेची

हल्ली तावडे हॉटेलपाशी हायवे सोडून गावात वळणारी एखादी मोटरहोम दिसली की लोक पटापट मोबाईल काढतात, आत किचन आहे, बेड आहे, टॉयलेट आहे, टपावर सोलर आहे म्हणून कौतुक सुरू होतं, आणि कुणीतरी हमखास म्हणतंच, हे फॉरेनचं फॅड आता कोल्हापूरपर्यंत आलं बघा. पण थोडं मागं जाऊन बघितलं तर चाकावर संसार मांडणारी माणसं ह्या भागात आधीपासूनच फिरतायत, फक्त त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

घिसाडी लोकांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं घ्या. बैलगाडीत भांडीकुंडी, पोरंबाळं, भाता आणि ऐरण, गावाबाहेर पाल टाकायचं, विळे-खुरपी पाजवून द्यायची, काम संपलं की पुढचं गाव. म्हणजे घर पण तेच, गॅरेज पण तेच, आणि गाडी मोडली तर दुरुस्त करणारा घरातच. असल्या फिरत्या लोकांचं इंग्रजांना मात्र भलतंच वावडं, १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टनं कित्येक जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का मारायला सुरुवात झाली, पुढं तो कायदा मुंबई इलाख्यातही आला, आणि कोण कुठं मुक्कामाला आहे याची रोज हजेरी द्यायची पद्धत बसली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. देशभरातला कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अजून पाच वर्षं.

आता गंमत बघा, तिकडं इंग्लंडमध्ये त्याच काळात हौसेनं असं फिरणं सुरू झालं. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरनं १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून घोड्यानं ओढायची घरगाडी बांधून घेतली आणि तो गावोगाव हिंडत सुटला, त्याला कुणी हजेरी विचारली नाही. पोटासाठी फिरला की संशयित आणि मजेसाठी फिरला की प्रवासी, हा हिशोब तेव्हापासूनचा आहे आणि मला तरी तो अजून पूर्ण मिटलाय असं वाटत नाही.

इंजिनवाली गाडी आल्यावर पुढचं फटाफट झालं. अमेरिकेत १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीनं टूरिंग लँडाऊ दाखवली, तिचं मागचं सीट उघडून बेड व्हायचं आणि आत वॉश बेसिनसुद्धा होतं. जर्मनीत १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनी झोपायची-स्वयंपाकाची सोय बसवायला लागली, आणि १९६६ मध्ये विनेबॅगोनं आयोवात असेंब्ली लाईनवर मोटरहोम काढल्या, तिथून ही भानगड श्रीमंतांच्या हातातून मध्यमवर्गात गेली.

आपल्याकडं ह्या गाड्या आल्या त्या हिप्पी लोकांबरोबर. साठच्या दशकात आणि सत्तरीत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत व्हॅन आणि जुन्या बसेस भारतात यायच्या आणि बऱ्याच जणांना शेवटी गोवा गाठायचा असायचा. ज्यांच्याकडं गाडी नाही ते मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जायचे, पण गाडीवाल्यांचं काय? कोकणातल्या खाड्यांवर सगळे पूल व्हायला वेळ लागला, त्यामुळं बरीच वर्षं गोव्याकडची मोटार वाहतूक पुणे-सातारा-कोल्हापूर करून निपाणी किंवा बेळगावकडनं घाट उतरायची. १९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या, आणि तो रस्ताच बंद पडला.

पण आपल्या माणसाला त्यांच्याकडनं शिकायची गरज होती असं अजिबात नाही. सौंदत्तीची यल्लम्मा बघा की. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातनं जी माणसं जातात ती काय हॉटेल बुक करून जात नाहीत, पूर्वी बैलगाड्या असायच्या, मग ट्रक, मग एसटी ठरवून, सोबत शेगडी, पिठाचे डबे, तांदूळ, अंथरुणं, आणि डोंगरावर गाडीच्या आडोशालाच मुक्काम. परत आल्यावर कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा. एसटी तिथं थांबून राहते त्याचा 'खोळंबा आकार' वेगळा लावतात, तो कमी करा म्हणून यात्रेकरूंची मागणी असते. बाकी जगात मोटरहोमवाला पार्किंगचं भाडं भरतो, आपण खोळंबा आकार भरतो, मुद्दा एकच. पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रकही तसाच, पाण्याची टाकी, गॅस, ताडपत्री, सगळं त्यात, मुक्कामाला पोचला की तासाभरात वस्ती उभी.

आणि गाडी बांधायची अडचण तर आपल्याला कधीच नव्हती. भारतात ट्रक-बस विकायची जुनी रीत म्हणजे कंपनी नुसती चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा सांगाडा, आणि समोरचा काऊल, म्हणजे पुढचा दर्शनी भाग देणार, केबिन आणि बॉडी मालकानं आपल्या ओळखीच्या बॉडीबिल्डरकडनं करून घ्यायची. त्यामुळं ड्रायव्हरच्या मागची झोपायची फळी, स्टोव्हची जागा, पाण्याचा कॅन अडकवायची पट्टी, हे सगळं मिस्त्री आणि ड्रायव्हरनं बसून ठरवलेलं. कोल्हापुरात तर उद्यमनगर आहे, म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी ऑईल इंजिनं इथं बनवली, फाउंड्री, लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन सगळं चालत जायच्या अंतरावर. १९८७ ला बजाज टेम्पोनं टेम्पो ट्रॅव्हलर आणली, मर्सिडीजच्या डिझाईनवरची, आत उभं राहता येईल अशी, आणि आज देशात जे कॅम्पर दिसतात त्यातले कित्येक ह्याच गाडीवर केलेले. त्याआधी आंध्रात सिनेमातनं राजकारणात आलेले एनटीआर जुन्या शेवरोलेची 'चैतन्य रथम' करून त्यातच राहत-झोपत प्रचार करत फिरले होते, म्हणजे राजकारण्यांनाही हे आधीच कळलेलं.

इथं दुरुस्तीचं एक सांगायला पाहिजे, कारण यूट्यूबवर ते कुणी दाखवत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी, बॅटऱ्या, प्लायचं फर्निचर, सिलिंडर, हे सगळं चढवलं की कमानपाटे बसायला लागतात, आणि गगनबावड्यातनं करूळ घाट उतरताना ब्रेक तापून वास यायला लागला की मग कळतं वजन कुठं गेलं ते. गाडीच्या हादऱ्यानं प्लायमधले स्क्रू सैल होतात, कपाटांची दारं वळणावर आपोआप उघडतात, म्हणून जाणते मिस्त्री ॲल्युमिनियमचं सेक्शन आणि रिव्हेट वापरतात आणि टाकी शक्यतो खाली, दोन ॲक्सलच्या मध्ये घेतात. घाटात लोअर गिअरला उतरायचं, हे तर जुना ट्रकवाला कुणालाही सांगेल.

मग गाडं अडलं कुठं, तर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या मंजुरीला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं दिलेल्या गाडीत मनानं बदल करता येत नाहीत, आणि २०१९ नंतर ते अजून कडक झालं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्यात बसवून मंजुरी घेऊन गाडी केली तर आरटीओत रीतसर नोंद होते, पण एका गाडीसाठी एवढं करणं सामान्य माणसाला आणि छोट्या मिस्त्रीलाही परवडत नाही. मग बरेच जण मधला मार्ग काढतात, सीट तशाच ठेवून वर काढघाल करता येणारा बेड आणि डिकीत सरकणारं किचन. पोलिसानं अडवलं तर सामान आहे म्हणायचं!

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात गाडीइतकाच भर कॅरॅव्हॅन पार्कवर आहे, म्हणजे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेली रीतसर थांबायची जागा. हे शहाणपणाचं आहे, कारण खरी गरज तीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस जागेवर उभ्या राहिल्या, २०२१ च्या जुलैत परत तेच, तेव्हा हजारो ड्रायव्हर केबिनमध्येच राहिले, तिथंच शिजवलं-झोपले, आजूबाजूच्या गावांनी जेवण-पाणी दिलं. टॉयलेटची मात्र पंचाईत होती. आज मोटरहोमवाल्यांचंही तेच, पंपावर किंवा ढाब्यावर रात्र काढता येते, ओळख निघाली तर प्लगही मिळतो, पण कॅसेट टॉयलेट, म्हणजे मैल्याची टाकी बाहेर काढता येते असलं टॉयलेट, रिकामं करायला कुठं जागा आहे का म्हणून विचारलं की मालक तुमच्या तोंडाकडं बघत बसतो.