माँट्रियलचं फोरम: पार्श्वभूमी

कॅनडातल्या माँट्रियल शहरातलं फोरम हे क्रीडागृह म्हणजे फ्रेंच भाषकांच्या ‘कॅनेडियन्स’ या आइस हॉकी संघाचं घर, असंच सगळे धरून चालतात. पण ते बांधलं गेलं शहरातल्या इंग्रजी भाषकांच्या नव्या संघासाठी. १९१८ च्या जानेवारीत जुनं अरीना (क्रीडागृह) जळाल्यावर फ्रेंच संघ नैसर्गिक बर्फाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, दिवस काढत होता. १९२४ मध्ये सेंट कॅथरीन रस्त्यावर कृत्रिम बर्फाची सोय असलेलं फोरम १५९ दिवसांत उभं राहिलं. २९ नोव्हेंबरला पहिला सामना खेळला मात्र फ्रेंच संघ, कारण त्यांच्या रिंकवर अजून बर्फच धरला नव्हता! १९२६ पासून ते तिथेच कायमचे मुक्कामाला आले आणि १९३८ मध्ये मूळ मालकांचा, म्हणजे इंग्रजी भाषकांचा, संघ बंद पडला.

तरी फोरम खऱ्या अर्थाने फ्रेंचांचं झालं ते १९५५ च्या मार्चमध्ये, असं माझं मत. १३ तारखेला बॉस्टनमध्ये त्यांचा लाडका आघाडीपटू मॉरिस रिशार याच्या डोक्यावर स्टिक लागली. त्याने प्रतिस्पर्ध्याला स्टिकने बदडलं, वर धरायला आलेल्या लाइन्समनलाही (सहाय्यक पंचालाही) ठोसे लगावले. पंचांवर हात उचलण्याची त्या मोसमातली ही दुसरी खेप, तेव्हा शिक्षा होणारच होती. पण १६ तारखेला लीगच्या (एनएचएल या हॉकी स्पर्धेच्या) इंग्रजी भाषक अध्यक्षांनी उरलेला मोसम आणि प्लेऑफचे (मोसमानंतरच्या बाद फेरीचे) सगळे सामने अशी बंदी घातली. लीगमधल्या खेळाडूंच्या गुणतक्त्यात तो तेव्हा पहिला होता. शेवटी तो मान अवघ्या एका गुणाने त्याच्याच सहकाऱ्याकडे गेला. बंदी जड होतीच, पण दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष सामना बघायला फोरममध्ये येऊन बसले, हे म्हणजे जखमेवर मीठ. महापौरांनीही नंतर त्या हजेरीवरच बोट ठेवलं. पहिल्या सत्रात पाहुणा डेट्रॉईटचा संघ ४-१ ने पुढे, अध्यक्षांवर अंडी-टोमॅटोंचा मारा, मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. फोरम रिकामं करावं लागलं, सामना डेट्रॉईटला बहाल झाला आणि बाहेर जमावाने सेंट कॅथरीन रस्त्यावरची दुकानं फोडली. शेवटी त्या खेळाडूनेच रेडिओवरून शांततेचं आवाहन केलं. माँट्रियल ज्यात आहे त्या फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच भाषकांच्या साठच्या दशकातल्या जागृतीची ठिणगी इथेच पडली असं सर्रास म्हणतात. ते जरा ताणलेलं आहे, पण त्या रात्री भांडण नुसतं हॉकीचं नव्हतं.

१९६८ च्या नूतनीकरणात नजर अडवणारे खांब गेले आणि दर्शनी भागातले सरकते जिने बाहेरून एकमेकींवर ठेवलेल्या दोन हॉकी स्टिकसारखे दिसू लागले. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघाने इथेच कॅनडाला ७-३ असं गारद केलं. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या चौदा वर्षांच्या जिम्नॅस्टला पूर्ण १० गुण मिळाले, आणि फलकाला दोन अंकी गुण दाखवता येत नसल्याने तिथे १.०० झळकलं.

११ मार्च १९९६ ला शेवटचा सामना झाला. निरोपाच्या सोहळ्यात १९५५ च्या त्या बंदीवाल्या रिशारला प्रेक्षकांनी इतका वेळ टाळ्या दिल्या की त्याचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात संघ २१ हजारांहून जास्त आसनांच्या नव्या अरीनात गेला. महागडे खासगी कक्ष हवे तेवढे जुन्या इमारतीत काढता येत नव्हते, आणि पैसा त्यांतच होता. फोरमच्या जागी पुढे सिनेमागृहं आणि दुकानं आली.