स्पाच्या भिंतीमागची ओल

आलिशान स्पा म्हटलं की डोळ्यांपुढे इटालियन संगमरवर आणि मंद दिवे येतात. मुंबईत मात्र तो स्पा टिकणार की कुजणार, हे भिंतीच्या आत ठरतं.

जुलैमधली दुपार घ्या. बाहेर ३० अंश सेल्सिअस, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश. त्याहून थंड काहीही तिला लागलं की बाष्पाचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. एसी लावलेल्या मसाज रूमची भिंत २३-२४ अंशांवर असते. बाहेरचं बाष्प फटींतून, प्लास्टरमधून थंड बाजूकडे सरकतं आणि आतल्या व्हायनिल वॉलपेपरपाशी अडतं. पाणी त्याच्याच पाठीमागे साचतं. तिथे गोंद आहे, अंधार आहे. बुरशीला आणखी काय हवं? मग कितीही लेमनग्रास जाळा, कुबट वास जात नाही.

थंड देशांत बाष्परोधक थर भिंतीच्या आतल्या बाजूला देतात. तो नकाशा जसाच्या तसा इथे उतरवला की घात होतो, कारण हा थर नेहमी उबदार, दमट बाजूला हवा. मुंबईत बाहेरच्या भिंतीला तो बाहेरून द्यायचा. स्टीम रूममध्ये मात्र आतून, टाइल्सच्या मागे. तिथे ४०-४५ अंशांची बाष्पाने भरलेली हवा कोंडलेली असते. तिथलं छतही उतरतं हवं, म्हणजे थेंब डोक्यावर न टपकता भिंतीवरून ओघळतात.

दमट वाटलं की एसी आणखी खाली आणतात, हे मला सर्वांत खटकतं. कपड्यांविना स्वस्थ पडलेल्या माणसाला २८ अंशांच्या आसपासची हवा सुखावते. २२ अंशांत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग आखडतं. आणि मसाज तर तेच मोकळं करायला असतो! खोली २८ अंशांवर ठेवावी आणि आर्द्रता डीह्युमिडिफायरने, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणाऱ्या यंत्राने, ५० टक्क्यांवर आणावी. भिंतही मग दवबिंदूच्या वर राहते.

संगमरवरातून उष्णता लाकडापेक्षा दहापटींहून वेगाने वाहते. म्हणून एकाच खोलीत, एकाच तापमानाला, अनवाणी पायांना फरशी गार लागते आणि लाकूड नाही. सॉनामध्ये, म्हणजे कोरड्या गरम हवेच्या खोलीत, ८०-९० अंशांतही लाकडी बाकावर बसता येतं, ते यामुळेच. मसाजच्या पलंगाभोवती तरी संगमरवराचा हट्ट सोडून सागवान घालावं, आणि डीह्युमिडिफायर चांगला घ्यावा.