निवडणूक नीट झाली, हे सांगायचं कोणी?

विधानसभेचा निकाल लागून दहा दिवस झाले होते. ३ डिसेंबर २०२४ रोजी माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं होतं. गावातल्या मतदान यंत्रांतून निघालेले आकडे गावातल्याच बऱ्याच जणांना पटत नव्हते. मतपत्रिका छापू, शिक्का मारू आणि पुन्हा मोजून बघू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कायद्यात अशा मतदानाला जागा नाही, असं प्रशासनाने सांगितलं. जमावबंदी लागली आणि ते मतदान झालंच नाही. त्या आठवड्यात सोलापुरात जिथे चार माणसं जमत, तिथे कोणी ना कोणी विचारायचं, "युनोची माणसं येऊन बघत नाहीत का हे?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपली माणसं जागोजागी दिसतात.

दुसऱ्याच्या निवडणुकीवर लक्ष ठेवण्याचं जुनं उदाहरण म्हणून १८५७ सालच्या मोल्डेव्हिया आणि वालाकियाचं नाव घेतात. आजच्या रुमानियाच्या भागात तेव्हा युरोपीय सत्तांचे आयुक्त मतदानावर नजर ठेवून होते. पण त्यांना तिथल्या मतदारापेक्षा आपापल्या हितसंबंधांची काळजी जास्त होती. आज आपण ज्याला निवडणूक निरीक्षण म्हणतो, ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं. मे १९४८ मध्ये कोरियात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या देखरेखीखाली मतदान झालं. त्या आयोगाचे सुरुवातीचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते. सोव्हिएत ताब्यातल्या उत्तर भागात आयोगाला पाऊल टाकू दिलं नाही, त्यामुळे मतदान फक्त दक्षिणेत झालं. देखरेख करणारा कितीही प्रामाणिक असला तरी दार उघडणं यजमानाच्या हातात असतं. ही अडचण आजही तशीच आहे.

मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते सुकुमार सेन. भारताच्या या पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी १९५१-५२ मध्ये सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची निवडणूक पार पाडली. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदारयादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं. सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीतून वगळल्या. तेव्हा त्यावर टीकाही झाली. त्या बायकांचं मत त्या वेळी बुडालं, हे खरंच. पण बाईचं नाव तिचं स्वतःचं म्हणून सरकारी कागदावर यायला हवं, हा आग्रह त्यातून रुजला. आज आपल्याकडे बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, दारात येऊन सुनेचं नाव विचारतो, तेव्हा मला हीच गोष्ट आठवते.

हा अनुभव गाठीशी घेऊन सेन १९५३ मध्ये सुदानला गेले. ब्रिटन आणि इजिप्त यांच्यातल्या करारानुसार तिथल्या पहिल्या निवडणुकीसाठी सात जणांचा आयोग नेमला होता. त्यात सुदानी होते, इजिप्शियन, ब्रिटिश आणि अमेरिकन होते, पण अध्यक्षपद भारतीयाकडे होतं. 'आंतरराष्ट्रीय निवडणूक साहाय्य' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका गरीब, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने दुसऱ्याला निवडणूक घ्यायला मदत केली होती. श्रीमंत देश शिकवतात आणि बाकीचे शिकतात, असं चित्र पुढे तयार झालं. सुरुवात तशी नव्हती.

१९८० मध्ये ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटाचं नेतृत्व भारताचे राजनैतिक अधिकारी राजेश्वर दयाल यांनी केलं. १९८९ मध्ये नामिबियात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झालं. तिथल्या शांतिसेनेची धुरा भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेम चंद यांच्याकडे होती. ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि पुढच्या मार्चमध्ये देश स्वतंत्र झाला. १९८९ मध्येच पनामात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी निकालात घोटाळा झाल्याचं तिथेच उभं राहून जगाला सांगितलं. १९९३ मध्ये कंबोडियात तर मतदारनोंदणीपासून मतमोजणीपर्यंत सगळी निवडणूक संयुक्त राष्ट्रांनीच चालवली.

मात्र १९९२ मध्ये अंगोलात हरलेल्या बाजूने निकाल नाकारला आणि यादवी युद्ध पुन्हा पेटलं. मतदानाच्या दिवशी पाहुणे येऊन गेले म्हणजे काम संपत नाही, हे तेव्हा कळून चुकलं. मतदारयाद्या, आयोगाची स्वायत्तता, तक्रारींचा निवाडा ही वर्षानुवर्षांची कामं आहेत. त्यासाठीच १९९५ मध्ये स्टॉकहोमला 'इंटरनॅशनल आयडिया' ही अनेक देशांची मिळून संस्था उभी राहिली. तिच्या चौदा संस्थापक देशांत भारत आहे. युरोपात निवडणुका बघणारं वॉर्साचं ओडीआयएचआर हे कार्यालय, अमेरिका खंडात ओएएस ही तिथल्या देशांची संघटना, आफ्रिकेत २००७ ची लोकशाहीविषयक सनद अशी प्रादेशिक घडी बसत गेली. आशियात खंडभर बंधनकारक असा करार नाही. इथे १९९७ पासून नागरिकांच्या संघटनांचं 'अ‍ॅनफ्रेल' हे जाळं काम करतं आणि २०१२ पासून दक्षिण आशियातल्या निवडणूक आयोगांचा 'फेम्बोसा' हा मंच आहे.

निरीक्षक चुकतातही. केनियात ऑगस्ट २०१७ च्या मतदानानंतर बऱ्याच परदेशी निरीक्षकांनी समाधान व्यक्त केलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची ती निवडणूक रद्द केली. मतदान केंद्रावरची रांग शिस्तीत होती. खोट निकाल वर पाठवण्याच्या पद्धतीत होती, आणि ती देशातल्याच न्यायाधीशांनी पकडली.

सोलापुरातल्या त्या प्रश्नाचं उत्तर असं की युनो बोलावल्याशिवाय येत नाही, आणि भारताने तिला कधी बोलावलेलं नाही. आपल्याकडे निरीक्षक येतात ते परराज्यातले सनदी अधिकारी. परदेशी निवडणूक आयोगांचे प्रतिनिधी येतात ते पाहुणे म्हणून. २०२४ च्या लोकसभेला त्यांना दाखवलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. निकालावर शेरा मारण्याचा अधिकार त्यांना नसतो.

मारकडवाडीचा मूळ प्रश्न यंत्राचा होता, आणि तो फक्त मारकडवाडीचा नाही. मतमोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, असं जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये म्हटलं. नामिबियाची गोष्ट तर आपल्याला आणखी जवळची. २०१४ मध्ये त्या देशाने भारतात बनलेली यंत्रं वापरून मतदान घेतलं, आफ्रिकेत असं प्रथमच घडत होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याशिवाय ही यंत्रं वापरणं घटनाबाह्य ठरवलं आणि देश मतपत्रिकेकडे वळला. आपल्या यंत्राला आता व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारं यंत्र, जोडलेलं असतं, हा मोठा फरक आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण विधानसभेच्या एका मतदारसंघात चिठ्ठ्या मोजल्या जातात त्या सोडतीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या. सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. आपल्या केंद्राचा नंबर त्या पाचांत लागला नाही, तर गावाने खात्री कशी करून घ्यायची? मारकडवाडीची पद्धत कायद्यात बसत नव्हती. प्रश्न मात्र रास्त होता, असं माझं मत आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आटवली आणि निवडणूक साहाय्य करणाऱ्या अनेक संस्थांचा पैसा थांबला. मोठा देणगीदार बाजूला झाल्यावर भारतासारख्या जुन्या, अनुभवी देशाकडे बघितलं जाणं साहजिक आहे. ३ डिसेंबर २०२५ रोजी स्टॉकहोममध्ये 'इंटरनॅशनल आयडिया'च्या २०२६ सालच्या अध्यक्षपदाची सूत्रं भारताच्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी हाती घेतली. मारकडवाडीच्या थांबलेल्या मतदानाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं.